मॉड-गिअरमन: चिंचोळीच्या रांगेतली कामे वर्कर उचलतच नाही

प्रश्न

नमस्कार. सोलापुरात आमच्या टॉवेल कारखान्याचे दोन विभाग आहेत. एक अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि दुसरा पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीत. दोन्हींकडचे मिळून सुमारे १८० स्विच, कॅमेरे आणि प्रिंटर अक्कलकोट रोडवरच्या सर्व्हरवरील नागिओस ४ ही देखरेख प्रणाली तपासते. चिंचोळीची तपासणी तिथल्या तिथेच व्हावी म्हणून तेथील एका लिनक्स संगणकावर मॉड-गिअरमनचा (नागिओसच्या तपासण्या रांगेत टाकून इतर संगणकांकडे सोपवणाऱ्या जोडणीचा) वर्कर, म्हणजे रांगेतली कामे करणारा प्रोग्राम, बसवला आणि सर्व्हरवरील मॉड्यूलच्या फाइलीत ‘हॉस्टग्रुप्स’ या ओळीत ‘चिंचोळी’ हा गट लिहिला. तेव्हापासून या गटाच्या तपासण्या जागच्या हललेल्या नाहीत. नागिओसचे ‘चेक_वर्कर्स’ ४ वरून २४ केले, तरी फरक पडला नाही. हा आकडा आणखी किती वाढवावा?

उत्तर १

तो आकडा पूर्ववत करावा. ‘चेक_वर्कर्स’ म्हणजे नागिओसचे स्वतःचे वर्कर. काम एकदा गिअरमनच्या रांगेत गेले की त्यांचा त्याच्याशी संबंध उरत नाही. शिवाय त्यांतला एकेक वर्कर एकाच वेळी अनेक प्लगइन (प्रत्यक्ष तपासणी करणारे छोटे प्रोग्राम) सांभाळतो, त्यामुळे ती संख्या वाढवण्याची वेळ क्वचितच येते. मॉड-गिअरमनचा वर्कर मात्र एका वेळी एकच काम करतो, आणि तिथे ‘मॅक्स-वर्कर’ला, म्हणजे वर्करच्या कमाल संख्येला, खरा अर्थ आहे, पण आपली अडचण त्याच्याही आधीची दिसते.

सर्व्हरवर रांगांची स्थिती दाखवणारी ‘गिअरमन_टॉप’ ही आज्ञा चालवून चिंचोळी गटाची रांग पाहावी. प्रतीक्षेतली कामे वाढत असतील आणि उपलब्ध वर्कर शून्य असतील, तर त्या रांगेवर कोणी कान लावून बसलेलेच नाही. गटाचे नाव सर्व्हरवरील मॉड्यूल आणि चिंचोळीचा वर्कर, अशा दोन्ही फाइलींत लागते. पहिल्यामुळे रांग तयार होते आणि दुसऱ्यामुळे ती उपसली जाते. वर्करच्या फाइलीत ‘होस्ट्स’ आणि ‘सर्व्हिसेस’ यांपुढे ‘नो’ लिहावे, नाहीतर तो अक्कलकोट रोडच्या तपासण्याही ओढून घेईल आणि ज्या दुव्यावरचा भार आपण कमी करायला निघालात तोच वाढेल. गिअरमनचा पोर्ट ४७३० फायरवॉलमध्ये उघडा आहे ना, हेही पाहावे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. वर्करच्या फाइलीत गट लिहायचा राहिला होता. रांग आता रिकामी होते, पण चिंचोळीच्या प्रत्येक तपासणीपुढे ‘रिटर्न कोड १२७’ मर्यादेबाहेर असल्याचा संदेश येतो.

उत्तर २

१२७ म्हणजे शेलला (लिनक्समध्ये आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला) ती आज्ञाच सापडली नाही. प्लगइनचा पूर्ण मार्ग सर्व्हरवरच ठरून वर्करकडे जातो, त्यामुळे दोन्ही संगणकांवर प्लगइन एकाच ठिकाणी असावे लागते. सोर्सपासून बसवलेले नागिओस त्यांना ‘लिबएक्झेक’ फोल्डरमध्ये ठेवते, तर डेबियनच्या पॅकेजमधून आलेले प्लगइन वेगळ्याच फोल्डरमध्ये जातात. तिथे सिम्लिंक (खऱ्या जागेकडे नेणारा दुवा) देऊन भागते. त्यानंतर चाचणी रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून नव्हे, तर वर्कर ज्या नावाने चालतो त्या वापरकर्त्याने घ्यावी. ‘चेक_आयसीएमपी’ला रूटचे अधिकार लागत असल्याने ते रूटखाली हसतखेळत चालते आणि सेटयूआयडी (फाइल तिच्या मालकाच्या अधिकाराने चालवू देणारी खूण) नसेल तर वर्करखाली मुकाट पडते, यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

प्रश्नकर्ता

सिम्लिंकने काम झाले. एकच शंका उरली. चिंचोळीत वीज जाऊन आली की तासभर सगळ्याच तपासण्या मागे पडतात.

उत्तर १

वर्करचा संगणक यूपीएसवर नसेल, तर तो बंद असताना साचलेली शिळी कामे तो परतल्यावर आधी उपसत बसतो. वर्करच्या फाइलीत ‘मॅक्स-एज’ ३०० केल्यास पाच मिनिटांहून जुने काम न करताच टाकून दिले जाते. कॅमेऱ्यांसाठी आपण स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट असेल, तर तिच्यात दहा सेकंदांची मर्यादा घालावी. ती नसल्यास बंद कॅमेऱ्याची वाट पाहत एकेक वर्कर पूर्ण साठ सेकंद अडकतो.

प्रश्नकर्ता

स्क्रिप्ट माझीच आहे आणि तिच्यात मर्यादा नव्हती. दोन्ही बदल केले. काल दुपारी वीज गेली होती. ती आल्यावर दहा मिनिटांत सर्व तपासण्या वेळेवर आल्या. चिंचोळीतला एक स्विच मात्र खरोखरच बंद निघाला, त्याचा पंखा टॉवेलच्या तंतूंनी भरला होता.