शनिवारी गच्चीवर ‘किल’ लावायचा का?

मंदार (बी-२०४): मंडळी, शनिवारी गच्चीवर प्रोजेक्टर नक्की ना? मग ‘किल’ लावू. २०२४चा आहे. पावणेदोन तासांत खेळ खलास.

शुभदा काकू (ए-१०१): प्रेमकथा आहे का रे?

मंदार (बी-२०४): आहे की थोडी. रेल्वेत.

ओंकार (सी-३०३): काकू, दादाच्या नादी लागू नका. आग विझवायच्या सिलिंडरने एकाच्या तोंडाचा चेंदामेंदा करतात त्यात. जेवून बघायचा सिनेमा नाही.

सचिव: सी विंगच्या लिफ्टचा माणूस आलाय. अर्धा तास लिफ्ट बंद. तुमचं चालू द्या.

जोशी काका (ए-४०२): मी कालच पाहिला, मुलाने टीव्हीवर लावून दिला. टीसी म्हणून जन्म डब्यांत गेला, त्यामुळे चार शब्द बोलतो. रांचीहून दिल्लीला निघालेली राजधानी, चाळीसेक दरोडेखोर आणि योगायोगाने गाडीत असलेले दोन कमांडो. गोष्ट एवढीच. पण डबा खरा वाटतो. सेट आहे म्हणे, तरी बर्थ, पडदे, चादरी, सगळं जागच्या जागी. मारामारीला जागाच नाही, हीच त्यातली मजा. थ्री टायरच्या बोळातून दोघं समोरासमोर आले तर एकाला तिरकं व्हावं लागतं, तिथे हीरो लाथ फिरवणार कुठून? म्हणून तो कोपराने मारतो, डोकी आपटतो, हाताला लागेल ते उचलतो. समोर वीस जण असले तरी एका वेळी एक-दोनच अंगावर येऊ शकतात. त्यामुळे एकटा माणूस इतक्यांना पुरून उरतो हे पटतं. उघड्या माळावर हेच दाखवलं असतं तर मी बंद करून झोपलो असतो.

मंदार (बी-२०४): एकदम बरोबर काका! कोरियाचे सी-यंग ओ आणि आपले परवेझ शेख, दोघांनी मिळून बसवलीय ती मारामारी.

जोशी काका (ए-४०२): खटकलं तेही सांगतो. जॅमर लावून मोबाइल बंद पाडले, ठीक. पण गाडी न थांबता स्टेशनातून गेली तरी आमच्याकडे कुणीतरी झेंडी नाहीतर दिवा घेऊन उभा असतो, गार्डशी खूण होते. डब्यात एवढी कापाकापी चाललीय आणि खात्याची माणसं नावालाच? तेवढं डोळ्यांआड करावं लागतं.

वैशाली ताई (बी-५०१): काका, मला तर दरोडेखोरच जास्त आवडले. सगळे एकमेकांचे बाप, काका, भाऊ. एक पडला की दुसरा त्याला कवटाळून रडतो. आपण कुणाच्या बाजूने आहोत तेच क्षणभर कळेनासं होतं. राघव जुयालला आपण नाचणारा पोरगा म्हणून ओळखायचो, त्याचा फनी नावाचा दरोडेखोर हसत हसत अंगावर काटा आणतो. पण हिरॉइनचं, तुलिकाचं काय? हीरो तिला मागणी घालतो तीही गाडीच्या संडासात! आणि नंतर तिला मारलं कशाला, तर हीरोला चेव यावा म्हणून. मग, सिनेमा सुरू होऊन पाऊण तास झाल्यावर, त्याचं नाव पडद्यावर येतं. ती जागा भारी साधलीय, नाकारत नाही. तोवर तो नुसता लोळवत असतो, तिथून जिवे मारायला लागतो. पण त्याचं दुःख आपलं व्हायला ती मुलगी आधी आपल्याला भेटायला हवी ना? भेटतच नाही धड.

शुभदा काकू (ए-१०१): अगं, ती मरते? सगळंच सांगून टाकलंस!

वैशाली ताई (बी-५०१): सॉरी काकू. शेवट नाही सांगितला.

ओंकार (सी-३०३): नाव आल्यावर काही वेळ एक नंबर. त्याने डब्यात प्रेतं टांगून ठेवलेली बघून मी गार. पण पुढे तेच ते होतं. हीरोला कितीही भोसका, तो उठणारच हे एकदा कळलं की धाकधूक संपते. मग आपण फक्त पुढचा कसा मरतो ते मोजत बसतो.

मंदार (बी-२०४): अरे, हीरोचा, लक्ष्यचा पहिलाच सिनेमा तो!

ओंकार (सी-३०३): त्याला कुठे नावं ठेवतोय? मारामाऱ्या झकास करतो. लिहिणाऱ्याला बोलतोय. निखिल भटने गाडी एवढी बारकाईने दाखवली, मग दोन पानं हीरो आणि तुलिकावर लिहायला काय झालं होतं?

जोशी काका (ए-४०२): भटांच्या स्वतःच्या रेल्वेप्रवासात लूट झाली होती, त्यावरून सुचलं म्हणतात. म्हणून गाडी जमली असेल.

ओंकार (सी-३०३): आणि प्रेम ऐकीव!

सचिव: लिफ्ट सुरू झाली. आणि मंदार, या सिनेमाला ‘ए’ सर्टिफिकेट आहे. गच्चीवर निम्मी पोरं असणार. कमिटीकडून नकार समजावा.

जोशी काका (ए-४०२): सहमत. माझा नातू सुट्टीत नाशिक रोडवरून राजधानीनेच दिल्लीला जाणार आहे. त्याच्या कानावरही नको.

मंदार (बी-२०४): बरं, पोरांना कार्टून लावा. मोठ्यांनी साडेदहाला माझ्याकडे या.

वैशाली ताई (बी-५०१): येते. कोंडाजीचा चिवडा आणते. आवाज बेताचा ठेव, खालच्या मजल्यावर बाळ आहे.

शुभदा काकू (ए-१०१): मीही येणार. शेवट कुणी सांगू नका रे, तेवढा तरी शिल्लक राहू द्या.