मदत हवी आहे: फायबरवर डाउनलोड १००, अपलोड मात्र २०. असं का?

मंडळी, नेटवर्कमधलं कळणारं कुणी आहे का इथे?

मी घरूनच लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. राहायला वारज्यात. कच्चं फुटेज हार्डडिस्कवर घरपोच येतं, त्याचा प्रश्न नाही. तयार काम पार्टीला ऑनलाइन पाठवायचं म्हटलं की रात्र जाते. एका लग्नाचे साठेक जीबी होतात. लाइन फायबरची, प्लॅन १०० एमबीपीएसचा. डाउनलोड ९५च्या आसपास मिळतं, तक्रार नाही. अपलोड २०. म्हणजे ६० जीबी चढवायला नुसत्या हिशेबानेच साडेसहा तासांच्या वर, आणि तोवर घरातलं बाकीचं नेट मेल्यात जमा. नवऱ्याची मीटिंग असली की तो माझ्या दारात येऊन नुसता उभा राहतो.

केबलवाल्यांना विचारलं तर "मॅडम, अपलोड कमीच असतं, टेक्निकल आहे." तांब्याच्या तारेचं समजू शकते, पण काचेतून प्रकाश दोन्ही दिशांना सारखाच धावतो ना? मग टेक्निकल नेमकं काय? लॅपटॉप लॅन केबलने जोडून तपासलंय, त्यामुळे "आधी वायफाय बघा" कृपया नको.

जुना लाइनमन:
ताई, त्यांनी सांगितलं ते अर्धं खरं आहे.

तुमच्या घरात आलेली काच एकट्या तुमची नसते. ऑपरेटरच्या खोलीतल्या ओएलटी नावाच्या यंत्रातून एक काच निघते, वाटेत स्प्लिटरवर फुटते आणि ३२ किंवा ६४ घरांत जाते. आपल्याकडे याचा सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे जीपॉन. खाली येताना १४९० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात, वर जाताना १३१० चा, म्हणून एकाच काचेत दोन्ही दिशा सुखाने नांदतात. अडचण वेगळीच आहे. ओएलटी सलग बोलतो, ते सगळ्या घरांत पोचतं, ज्याचं त्याने उचलायचं. पण वर जाताना सगळ्या घरांनी एकदम प्रकाश सोडला तर स्प्लिटरपाशी नुसती सरमिसळ. म्हणून ओएलटी प्रत्येकाला पाळी लावून देतो. सोसायटीची वार्षिक सभा समजा: माइकवर अध्यक्ष बोलले की सगळ्यांना ऐकू जातं, सभासदांनी मात्र एकेकाने बोलायचं. (प्रत्यक्षात काय होतं ते सोडा.)

यासाठी घरातल्या डब्याचा लेसर आपल्या पाळीला पेटवायचा, लगेच विझवायचा, दोन पाळ्यांमध्ये थोडी फट ठेवायची. त्यात जवळच्या घराचा उजेड प्रखर, लांबच्याचा मंद, आणि ओएलटीला दर पाळीला नव्याने जुळवून घ्यावं लागतं. हे जितक्या वेगात करायचं तितकी यंत्रं महाग. जीपॉनच्या मानकात खाली २.४८८ जीबीपीएस आणि वर १.२४४ असे आकडे आहेत. सरळ निम्मे.

औंधचा:
निम्मं पटलं. पण १००ला २० म्हणजे पाचवा हिस्सा. तो कुठून आला?

जुना लाइनमन:
म्हणून तर अर्धं खरं म्हणालो. उरलेलं प्लॅनमध्ये आहे. १२४४ ला ३२ ने भागून बघा. बत्तीसच्या बत्तीस घरं एकाच क्षणी पूर्ण जोर लावून चढवू लागली तरी वाट्याला ३५च्या वर येतात, आणि तसं काही होत नाही. ताईंसारखे चढवणारे अख्ख्या बिल्डिंगमध्ये एखाद-दुसरे. घरगुती गिऱ्हाईक मुख्यतः खेचतं, त्यामुळे ऑपरेटरच्या पुढच्या लाइनीतही वर जाणारी बाजू बरीच मोकळी असते. २० हा आकडा कुणीतरी सिस्टीममध्ये भरलेला आहे. ज्याला अपलोड लागतं तो धंदेवाला, त्याला वेगळा प्लॅन विकता येतो, इतकं साधं गणित.

शिवाय जुनी सवय. एडीएसएलमध्ये, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या जुन्या नेटमध्ये, साधारण १३८ किलोहर्ट्झच्या खाली अपलोड आणि त्याच्या वर १.१ मेगाहर्ट्झपर्यंत डाउनलोड. तिथे अपलोडला खरंच जागा नव्हती. सरकारी व्याख्याही डाउनलोडचीच: २०२३ मध्ये ब्रॉडबँडचा किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला, त्यात अपलोडचा आकडाच नाही.

धनकवडीकर:
आधी एक बघा, घरात येतंय ते फायबरच आहे का? बारीक वायर आणि तिला हिरवा किंवा निळा चौकोनी प्लग असेल तर हो. खिडकीतून थेट लॅनची जाड वायर राउटरमध्ये शिरत असेल तर फायबर गच्चीवरच्या स्विचपर्यंतच आलंय. मग पाळीबिळी काही नाही, ती वायर दोन्ही दिशांना सारखीच चालते. तिथे अपलोड कमी दिलं तर ती निव्वळ कात्री.

आणि स्पीड वेगवेगळ्या वेळी तपासा. रात्री नऊलाही २०, पहाटेही २०, तर मर्यादा घातलेली आहे. पहाटे २० आणि रात्री ४ असेल तर पुढे गर्दी आहे, मग प्लॅन बदलून उपयोग नाही.

धागाकर्ती:
हिरवा प्लग आहे. रात्री, पहाटे, दुपारी, कधीही बघा, २०. हलतच नाही. धन्यवाद, आता भांडायला मुद्दा आहे. पण अपलोड चालू असताना डाउनलोडसुद्धा का रडतं? ते तर दुसऱ्या रंगाच्या प्रकाशातून येतं म्हणालात.

जुना लाइनमन:
प्रकाश वेगळा, पण आलेल्या डेटाची पोच उलट दिशेने जावी लागते. ती तुमच्या साठ जीबीच्या मागे राउटरमध्ये तिष्ठत बसते. पोच उशिरा गेली की समोरचा पाठवायचा हात आखडता घेतो. नवऱ्याचा आवाज तर थेट त्याच रांगेत. अपलोडच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा राउटरमध्ये वेग १६ला बांधा. चढायला दीड-पावणेदोन तास जास्त लागतील, पण घर चालू राहील. हे आजच करून बघा.

धागाकर्ती:
१६ ला बांधलं. दारातली उभी मूर्ती गेली! केबलवाले आता "बिझनेस प्लॅन घ्या" म्हणतायत, म्हणजे टेक्निकल काही नव्हतंच. सोसायटीत दुसरा एक ऑपरेटर १००/१०० देतो, फक्त डक्टमधून वायर ओढायला सेक्रेटरींची एनओसी हवी. तो वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत तर इन्स्टॉलेशन फुकट म्हणतोय. भरू का?

धनकवडीकर:
नका भरू. इन्स्टॉलेशनचे पैसे द्या आणि एकच महिना घ्या. अपलोडचा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी मागा, आणि डेटाची मर्यादा संपल्यावर किती वेग राहतो तेही. तुम्ही महिन्याला आठ-दहा लग्नं चढवत असाल तर त्यातच बरंच संपेल. जुनी लाइन तेवढा महिना तोडू नका.