डोक्याच्या डॉक्टरकडे जाणारा खेळाडू ‘कच्चा’ असतो का?

चौथी_लेन

परवा आमच्या गटातल्या एका धावपटूने माझ्याकडे क्रीडा मानसतज्ज्ञाचा नंबर मागितला. आवाज इतका खाली, की मला वाटलं उत्तेजकं मागतोय की काय. ‘सरांना कळू देऊ नकोस’ हे दोनदा बजावलं. हाच पठ्ठ्या पोटरी दुखली की सगळ्यांसमोर फिजिओच्या टेबलावर आडवा पडून बोंबलतो, तेव्हा काही लाज नसते.

माझं मत: ही लाज मैदानावर शिकवली जाते आणि शिकवतात प्रशिक्षक. ‘डोक्यात घेऊ नको’, ‘नाटकं पुरे’, ‘झेपत नसेल तर घरी बस’. अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला सांघिक अंतिम फेरी अर्ध्यात सोडली. हवेत गिरकी घेताना आपलं शरीर कुठे आहे याचंच भान सुटत होतं. तशीच उडी घेत राहिली असती तर मान मोडून घेतली असती. तरी कित्येकांना तो पळपुटेपणा वाटला. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णं जिंकली, आणि सांघिक फेरीच्या दिवसाची सुरुवात आपण थेरपीने केली हे स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

प्रशिक्षक मंडळींनी बिनधास्त झोडपावं.

शिटीवाला

बावीस वर्षं शिटी फुंकतोय, म्हणजे आरोपी क्रमांक एक मीच. घ्या जबाब.

१९५८ च्या फुटबॉल विश्वचषकाला ब्राझीलच्या संघाबरोबर एक मानसतज्ज्ञ होते. त्यांनी खेळाडूंना चित्रं काढायला लावली, चाचण्या घेतल्या आणि निष्कर्ष दिला: पेले बालिश आहे, लढाऊ वृत्ती नाही, खेळवू नका. गारिंचाचंही नाव नको म्हणाले. प्रशिक्षक फेओलांनी अहवाल बाजूला ठेवला. सतरा वर्षांच्या पेलेने उपांत्य सामन्यात तीन आणि अंतिम सामन्यात दोन गोल मारले. आता लाज कोणाला वाटायला हवी?

माझा राग विद्येवर नाही. दोन दिवसांसाठी येऊन सगळ्यांना डोळे मिटायला लावणाऱ्या आणि शर्यतीच्या आधीच्या खोलीत कधी पाऊल न ठेवलेल्या माणसांवर आहे. शेवटच्या दोनशे मीटरला खांदे आवळू नको, समोरच्याच्या पाठीकडे बघ, हे मी रोज सांगतो. ते मानसशास्त्र नाही तर काय आहे? फक्त त्याची फी लावत नाही.

उगाच_एक

इंग्लंडने २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात कोलंबियाला पेनल्टीवर हरवलं तेव्हा श्रेय संघाच्या मानसतज्ज्ञ बाईंना. २०२१ च्या युरो अंतिम सामन्यात पेनल्टीवरच हरले तेव्हा दोष पोरांना. असला धंदा मलाही चालेल.

चौथी_लेन

@उगाच_एक, त्या बाईंनी २०१९ मध्येच ते काम सोडलं होतं. पण तुमचा चिमटा अगदीच पोकळ नाही. एका पेनल्टीवरून कोणाचंच माप काढू नये, ना त्यांचं ना पोरांचं.

तळटीप

दोन्ही बाजूंना थोडं टोचेल असं लिहितो.

लाज फक्त प्रशिक्षकांकडून येते, हे धागाकर्त्याचं म्हणणं टिकत नाही. १९८९ मध्ये लिंडर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना खेळाडूंची वर्णनं वाचायला दिली. एक खेळाडू खेळ सुधारायला प्रशिक्षकाकडे जातो, दुसरा क्रीडा मानसतज्ज्ञाकडे. दुसऱ्याचं मोल कमी लावलं गेलं. तिथे शिटीवाला कोणी नव्हता, साधे वाचणारे होते. पुढे २००२ मध्ये मार्टिन आणि इतरांनी अमेरिकी, ब्रिटिश आणि जर्मन खेळाडूंची क्रीडा मानसशास्त्राबद्दलची मनोवृत्ती मोजायला प्रश्नावली बनवली. त्यात पुरुषांमध्ये आणि अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांमध्ये ही लाज जास्त दिसली. ‘आपल्यासारख्याच पार्श्वभूमीचा तज्ज्ञ हवा’ ही ओढही तिथे वेगळी मोजली गेली.

नावाचा महिमा तर विचारूच नका. पॅडी अप्टन २०११ चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाबरोबर होते, २०२४ मध्ये जगज्जेता झालेल्या गुकेशबरोबरही. पाटी ‘मेंटल कंडिशनिंग कोच’. ‘कोच’ शब्द लागला की घास घशाखाली उतरतो.

शिटीवाल्यांना १९३८ ची गोष्ट. शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकाने कोलमन ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाला नेमलं. संघाचे व्यवस्थापक चार्ली ग्रिम यांनी त्याला दारातच अडवायचं बाकी ठेवलं. आडमुठे? असतील. पण ग्रिफिथ टिपणं काढायचा आणि अहवाल जायचे थेट मालकाकडे. अशा माणसासमोर तुम्ही तरी मन मोकळं कराल का?

राखीव_क्रमांक_बारा

तळटीप, शेवटच्या चार वाक्यांसाठी दंडवत. तिथेच सगळं अडलंय.

मी गेले होते. संघानेच नेमलेल्या बाई होत्या, बोलायला चांगल्या. मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही, पहाटेपर्यंत छताकडे बघत पडते, एवढंच सांगितलं. आठवड्याने सरावाला सगळ्यांसमोर सर म्हणाले, ‘काय, झोप झाली का?’ हशा पिकला. पुढच्या दोन सामन्यांत मी राखीव बाकावर. कारण विचारायची सोय नव्हती, आणि ते मला माहीतच होतं.

त्यानंतर दर महिन्याच्या त्या फॉर्मवर झोप: उत्तम, भूक: उत्तम, आत्मविश्वास: उत्तम. मुलींनी उत्तरं पाठ केली होती. बाईंना वाटलं असेल, काय कणखर संघ आहे!

लाज वगैरे ठीक आहे. पण जो माझं ऐकतो त्याचं तोंड संघ निवडणाऱ्याच्या कानाला लागलेलं असेल, तर गप्प बसणं हा शहाणपणा आहे.

उगाच_एक

फिजिओचा अहवालही कोचकडे जातोच की. मांडीचा स्नायू ताणला तर लपवता का?

राखीव_क्रमांक_बारा

हो, लपवतो! निवड चाचणीच्या आठवड्यात सगळेच ठणठणीत असतात, कधी बघा. फरक एवढाच, की मांडी सहा आठवड्यांत बरी झाली की फाईल बंद होते. ‘मनाने कच्ची’ हा शेरा किती आठवड्यांनी पुसतात, ते कोणीतरी सांगा.

शिटीवाला

तुमच्या सरांनी केलं ते घाणेरडं होतं. त्यात कोचगिरीची बाजू घेणार नाही.

पण माझी अडचणही ऐका. निर्णायक फेरीत कोणाला उतरवायचं हे मला दहा मिनिटांत ठरवायचं असतं. चार रात्री न झोपलेल्या मुलीला मी रिलेत अँकरला, म्हणजे शेवटच्या टप्प्याला, धावायला लावलं आणि ती कोसळली, तर जबाबदार कोण? ज्याला ठाऊक होतं तो मानसतज्ज्ञ ‘गोपनीय’ म्हणून हात झटकणार. मला तपशील नकोत. तिचं घर, तिचं मन, काही नको. आज हो की नाही, एवढं तरी?

तळटीप

‘हो की नाही’ विचारायला हरकत नाही, पण ते तिलाच विचारा. मानसतज्ज्ञाने परस्पर कळवायचं नाही, काय सांगायचं आणि कोणाला हे खेळाडूबरोबर आधीच ठरवून घ्यायचं. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कोणीच गप्प बसत नाही. आणि ‘नाही’ म्हणणारीला पुढच्या शर्यतीत पुन्हा संधी मिळते, हे तिने एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेलं असायला हवं. नाहीतर उत्तर ‘हो’ च येणार, अगदी कोसळेपर्यंत.

शिटीवाला

हे शेवटचं झोंबलं. असो.

धागाकर्ते, एक विचारतो. ‘पठ्ठ्या’, पोटरी, टेबलावर बोंबलणं. हा माझ्याकडचा आठशे मीटरवाला नाही ना?

चौथी_लेन

सांगणार नाही.

शिटीवाला

बरं. नंबर दिलात का त्याला?

चौथी_लेन

तेही नाही सांगणार, सर.