पूर्व जर्मनी इतकी पदकं आणायची ती नेमकी कशी?

सांजवात
१९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये पूर्व जर्मनीला ४० सुवर्णपदकं मिळाली, अमेरिकेला ३४. देशाची लोकसंख्या १.७ कोटींच्या आसपास. महिलांच्या पोहण्यात १३ पैकी ११ सुवर्णं, आणि चारच वर्षांपूर्वी म्यूनिकला याच गटात एकही नव्हतं. ‘औषधं घेतली’ म्हणून विषय मिटवला जातो. निर्णय कोण घ्यायचं, खेळाडू चाचणीत सापडत कसे नव्हते, आणि सरकारला यातून हवं काय होतं?

नकाशावाला
शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीचं त्यातूनच निघतं. त्यांना हवी होती मान्यता. पश्चिम जर्मनीचं हॉलस्टाइन धोरण असं, की जो पूर्वेला मान्यता देईल त्याच्याशी आम्ही संबंध तोडू. वकिलाती उघडता येईनात, म्हणून खेळाडू पाठवायचे; त्यांना ‘ट्रॅकसूटमधले राजदूत’च म्हणत. तिथेही अडवणूक होती. बर्लिनची भिंत उभी राहिल्यावर नाटो देशांनी प्रवासाची कागदपत्रं नाकारली, आणि १९६२ च्या कोलोरॅडोतल्या आइस हॉकी विश्वस्पर्धेला त्यांचा संघ जाऊ शकला नाही. १९५६ ते १९६४ ऑलिम्पिकला दोन्ही जर्मनींचा मिळून एकच संघ असे. १९६८ ला संघ वेगळे झाले, पण झेंडा सामायिक: काळा-लाल-सोनेरी, मधे पांढरी ऑलिम्पिक कडी. राष्ट्रगीताच्या जागी बीथोव्हनची धून. उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये स्वतःचा झेंडा आणि स्वतःचं राष्ट्रगीत मिळालं ते १९७२ ला, तेही म्यूनिकमध्ये, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या भूमीवर. तिथे २० सुवर्णं. पुढच्याच वर्षी दोन्ही जर्मनी संयुक्त राष्ट्रसंघात गेले. मान्यता पदकांमुळे मिळाली असं मी म्हणणार नाही, ती दोन्ही बाजूंच्या वाटाघाटींतून आली. पण तो झेंडा जगाच्या नजरेत बसवला खेळाडूंनी.

चुनखडी
निर्णय सत्ताधारी साम्यवादी पक्षाच्या पॉलिटब्युरोचा, म्हणजे सर्वोच्च समितीचा, अंमलबजावणी क्रीडा महासंघाचा प्रमुख मानफ्रेड एवाल्ड याची. १९६९ चा ठराव वाचला की सरकारचं डोकं कळतं. खेळांचे दोन गट पाडले. वॉटरपोलोचा अख्खा संघ मिळून पदकतक्त्यात एकच पदक, आणि कोर्नेलिया एंडर एकटी माँट्रियलहून चार सुवर्णं आणते. म्हणून वॉटरपोलो, बास्केटबॉल, हॉकी यांचा पैसा आटवला आणि पोहणं, रोइंग, ॲथलेटिक्सकडे वळवला. त्या खेळांत घडत असलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न हिशेबातच नव्हता.

१९७३ पासून देशभर एकसारखी चाळणी. ठरावीक इयत्तांतल्या सगळ्या मुलांची उंची, वजन, धाव, उडी मोजायची आणि निवडलेल्यांना क्रीडा शाळांत घालायचं.

परीक्षानळी
औषधांचा भाग. १९७४ मध्ये ‘राज्य योजना विषय १४.२५’ या नावाने तो सरकारी कार्यक्रम झाला. मुख्य गोळी ओरल-ट्युरिनाबॉल, म्हणजे स्नायू वाढवणारं स्टेरॉइड, येना शहरातल्या येनाफार्म या सरकारी कारखान्यातली. कागदोपत्री तिला ‘सहाय्यक साधनं’ म्हणत. स्पर्धेआधी ठरावीक दिवस गोळी थांबवायची, म्हणजे लघवीत अंश उरत नाही. मधली पोकळी भरायला टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शनं. पुढे चाचणीत टेस्टोस्टेरॉन आणि शरीरातलंच त्याच्यासारखं दुसरं द्रव्य एपिटेस्टोस्टेरॉन यांचं प्रमाण बघू लागले, तेव्हा एपिटेस्टोस्टेरॉनही टोचून प्रमाण जुळवलं.

चूक झाली १९७७ ला. हेलसिंकीतल्या युरोपीय चषकात गोळाफेकपटू इलोना स्लुपियानेक सापडली. त्यानंतर परदेशी जाणाऱ्या खेळाडूची ड्रेस्डेनजवळच्या क्रायशा प्रयोगशाळेत आधी चाचणी होई, आणि अंश सापडला की त्याला घरीच ठेवत. या प्रयोगशाळेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मान्यता होती!

सांजवात
मुलींना हे माहीत होतं का? आणि हे सगळं बाहेर आलं कसं?

परीक्षानळी
बहुतेक अल्पवयीन मुलींना जीवनसत्त्वं म्हणून गोळ्या दिल्या, पालकांनाही सांगितलं नाही. आवाज घोगरा होणं, अंगावर केस, पाळी बिघडणं, यकृताचे आजार. माझ्या मते याला फसवणूक म्हणणं फार सौम्य आहे. हा त्या मुलींच्या शरीरावर सरकारने केलेला अत्याचार होता.

बाहेर आलं ते कागदांमुळे. जीवशास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके आणि माजी खेळाडू ब्रिगिट बेरेंडोंक यांना १९९० मध्ये बाड सारोच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत गोपनीय प्रबंध सापडले, मात्रांच्या नोंदींसह. या गुन्ह्यांवर खटला चालवण्याची कायदेशीर मुदत ३ ऑक्टोबर २००० ला संपणार होती. त्याच वर्षी जुलैमध्ये बर्लिनच्या न्यायालयाने एवाल्डला २२ महिने आणि क्रीडावैद्यक विभागाचा मानफ्रेड ह्योप्नर याला १८ महिने शिक्षा दिली, दोन्ही स्थगित. पीडितांसाठी २००२ च्या कायद्याने माणशी सुमारे १०,४०० युरो मिळाले. माँट्रियलची पदकं मात्र परत घेतलेली नाहीत.