बियालिक एक, स्पेलिंगं तीन: हिब्रू नावाची नोंद कुठल्या रूपाखाली?

खोकीवाला
एका घरातून आमच्या ग्रंथालयाला ज्यू साहित्याची दोन खोकी देणगी आली. पहिल्याच दिवशी अडकलो. हिब्रू कवी बियालिक (१८७३–१९३४) यांचं पहिलं नाव, हाईम, एका अनुवादावर सीएचने सुरू होतं, दुसऱ्यावर एचने आणि एका वायने, तिसऱ्यावर एच आणि दोन वाय! माझं मत: आख्यापृष्ठावर, म्हणजे पुस्तकाच्या नावाच्या पानावर, जे छापलंय तेच घ्यावं. हिब्रू रोमन लिपीत लिहिताना ती अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची एचखाली ठिपका, केखाली ठिपका देण्याची तऱ्हा आपल्याकडे कशाला? वाचकाच्या कीबोर्डवर तो ठिपका नाहीच.

तालिकाताई
म्हणजे बियालिक तीन जागी विखुरणार. एका लेखकाची पुस्तकं एकत्र दिसावीत एवढ्यासाठीच तर आपण तालिका (कॅटलॉग) करतो ना? आणि ठिपक्यांना उगाच झोडपताय. लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही लेखक म्हणून त्यांची नोंद बिनठिपक्याची, रूढ स्पेलिंगानेच केली आहे: बी-आय-ए-एल-आय-के, पुढे एच आणि दोन वायवालं पहिलं नाव. नियमाने गेलं तर आडनावात आयच्या जागी वाय येतो आणि केखाली ठिपका. हे रूप पुस्तकाच्या हिब्रू शीर्षकाचं लिप्यंतर करताना वापरतात. टिळकांचंही तेच. लेखक म्हणून साधे ‘टिलक’, मराठी शीर्षकात नाव आलं की लगेच एलखाली ठिपका.

खोकीवाला
म्हणजे एकाच नोंदीत एकच माणूस दोन स्पेलिंगांनी, आणि याला पद्धत म्हणायचं?

अष्टमीकर
दोघंही रोमनच्या खोड्यात अडकलात. हिब्रूत एरवी स्वर लिहीतच नाहीत, तालिकाकार शब्दकोश उघडून ते भरतो. शिवाय ‘हेत’ या अक्षराचा घशातला आवाज इंग्रजीत नाही, म्हणून कुणी सीएच लिहितो, कुणी नुसता एच. मूळ लिपीत नाव एकच राहतं. मार्क या संगणकीय नोंदीच्या साच्यात ८८० टॅग (क्रमांकाचा रकाना) त्यासाठीच आहे. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हिब्रू, अरबी, रोमन, सिरिलिक अशा चार लिप्यांत नोंदी होतात. आपण हिब्रू आणि जोडीला देवनागरी का ठेवू नये?

तालिकाताई
अष्टमीकर, हिब्रू लिपी जरूर ठेवा, पण देवनागरीत आलं की घोळ संपला असं समजू नका. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी शमुवेलचा सामाजी, इसहाकचा इसाजी आणि मोशेचा मुसाजी केला. बघा, तीन नावं आणि सहा रूपं, तीही रोमनचं बोट न लावता.

रांगेतला
मी साधा वाचक. इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष वाइझमन इंग्रजीत आपलं पहिलं नाव सीएचने लिहीत. हिब्रू कवी हाईम गौरींचं पहिलं नाव इंग्रजीत एचने छापलं जातं. हिब्रूत दोघांचं नाव एकच, बियालिकांचंच, अर्थ ‘जीवन’. ज्या माणसाने आपलं स्पेलिंग स्वतः ठरवलंय त्याला सुधारणारे तुम्ही कोण? आमच्या चौधरींच्या नावाचं स्पेलिंग कुणी ‘सुधारलं’ तर ते पत्र परत पाठवतात!

तालिकाताई
राव, सुधारत कुणी नाही. नावाची एक वेगळी नोंद असते, अथॉरिटी रेकॉर्ड: तिच्यात १०० टॅगमध्ये ठरवलेलं एक रूप, बाकीची सगळी ४०० टॅगला. खोकीवाले, तुम्ही कोहा ही ग्रंथालय-प्रणाली वापरता ना? ‘इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस’ हे सेटिंग चालू करून पुन्हा इंडेक्स करा. सीएच टाका नाही तर एच, पुस्तक सापडेल. ठिपक्याचा प्रश्न त्याहून सोपा, बहुतेक प्रणाली शोधताना तो सोडूनच देतात. सीएचचा एच मात्र आपोआप होत नाही, ते रूप हातानेच घालावं लागतं.

खोकीवाला
केलं, दोन्हींनी सापडतंय. तरी पटलेलं नाही हं. चौथं स्पेलिंग उद्या खोक्यातून निघालं की पुन्हा अथॉरिटी उघडा! आणि आत्ताच एक गंमत: प्रार्थनापुस्तकाच्या आतल्या पानावर शाईने ‘मुसाजी’, त्याखाली इंग्रजी शिक्का ‘मोझेस’. पुस्तकाचा मालक एकच दिसतो. आता काय लिहू?

तालिकाताई
५६१ टॅग, पुस्तक कुणाकडे होतं त्याचा. दोन्ही, जसं आहे तसं. शाई आणि शिक्का हेही लिहा.