संग्रहालयातली इंटर्नशिप, १४ फेब्रुवारी आणि मार्कंड्याची जत्रा: रविवारची सुट्टी कशी मागू?

वैनगंगेची लेक | ३ फेब्रुवारी २०२६

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातली, चामोर्शी तालुक्यातली. घरी धानाची शेती. सध्या नागपूरच्या एका संग्रहालयात तीन महिन्यांची इंटर्नशिप करते आहे. नाव इथे लिहीत नाही.

माझ्याकडे दगडी मूर्तींची नोंद आहे. उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये घ्यायची. दगडाचा रंग, कुठे टवका उडालाय, कुठे जुनं सिमेंट लिंपलंय, हे स्थिती-अहवालात लिहायचं. बाजूला मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो. मूर्ती हलवताना हात किंवा मुकुट धरायचा नाही, दोन्ही तळवे खालून लावायचे. पहिला आठवडा मॅडमनी मला आणि दुसऱ्या मुलीला नुसत्या विटा उचलायला लावल्या. तेव्हा वाईट वाटलं होतं, आता कळतं का ते. हे काम मला मनापासून आवडतं. पुढे संग्रहालयशास्त्र शिकायचं ठरवलंय.

अडचण अशी आहे. १४ तारखेला शनिवारी आमच्याकडे ‘मूर्तींमधलं प्रेम’ अशी फेरी आहे, सकाळी अकराला एक आणि दुपारी तीनला एक. त्यात उमा-महेश्वराची मूर्ती माझ्याकडे दिली आहे. तिची मराठी पाटी मी लिहिली, नऊ वेळा खोडून. लोकांसमोर उभं राहून बोलायची ही माझी पहिलीच वेळ. आणि दुसऱ्या दिवशी रविवार, त्या दिवशी सगळ्यांनी हजर राहायचं असा नियम, कारण गर्दी रविवारीच असते.

यंदा रविवारी, १५ला, महाशिवरात्री आहे. आजी दरवर्षी मार्कंड्याला, वैनगंगेकाठच्या महादेवाच्या जुन्या देवळांना जाते. लहानपणापासून मी तिचा पदर धरून त्या जत्रेत फिरले. ‘शिल्प’ हा शब्द शाळेत ऐकायच्या आधी मी त्या भिंतींवरचे हत्ती मोजत होते. आजी आता ७६ वर्षांची. परवा फोनवर म्हणाली, “औंदा येशीन का नाही? माह्या गुडघ्याचा आता काई भरोसा नाही.”

अजून एक. दिवाळीनंतर माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं, लग्न वैशाखात आहे. हे वडसा भागात शिक्षक आहेत आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात ऑर्गन वाजवतात. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळी ते होळी, म्हणजे शनिवार-रविवार तर त्यांचे कधीच रिकामे नसतात. १४च्या रात्री त्यांचं नाटक ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात आहे. साक्षगंधानंतर आम्ही दोनदाच भेटलो, दोन्ही वेळा घरच्यांच्या मधोमध बसून. व्हॅलेंटाइन डे वगैरे आमच्या घरात कोणी म्हणत नाही, पण त्या दिवशी भेटावं असं मला वाटतं. ते लपवायचं कशाला.

सोबतची मुलगी म्हणते, रविवारी सकाळी ताप आला म्हणून कळव. मला ते जमणार नाही. पण खरं कारण सांगितलं तर ‘हिला कामाची ओढ नाही’ असं होईल का? शेवटी शिफारसपत्र मॅडमच देणार आहेत. कोणी अशा ठिकाणी काम केलं असेल तर सांगा.

जुना नोंदणीकार | ३ फेब्रुवारी

बेटा, मी एका संग्रहालयाच्या भांडारात नोंदी करतच निवृत्त झालो. तुझ्या मॅडमनी विटा उचलायला लावल्या हे वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी थेट मूर्तीच हातात द्यायचे, आणि त्याचे परिणाम आम्ही पाहिले आहेत.

तापाचं सांगू नकोस. मी एकदा सांगितलं होतं. मावसभावाच्या लग्नाला जायचं होतं आणि साहेब नाही म्हणतील या भीतीनं आजारपण कळवलं. परत आलो तर कळलं, साहेब संध्याकाळी मोसंबी घेऊन खोलीवर येऊन गेले होते. दाराला कुलूप होतं. ते मला एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर किल्ल्यांचा जुडगा माझ्या हाती यायला दोन वर्षं गेली.

रजा मागितल्यानं नाव खराब होत नाही. नोंद अर्धवट टाकून गेल्यानं होतं. एखादी मूर्ती टेबलावर आडवी आहे, फोटो निघालेत पण क्रमांक पडलेला नाही, आणि माणूस गावाला गेला, असं झालं की मागच्यांची फजिती होते. म्हणून शुक्रवारपर्यंत हातातल्या मूर्ती जागेवर लाव. कुठवर काम झालं, कोणत्या फोटोला कोणता क्रमांक, हे एका कागदावर लिहून टेबलावर ठेव. मग अर्ज दे. आजच दे, आठवडा आधी दिलेला अर्ज आणि आदल्या दिवशीचा अर्ज यात फार फरक असतो. एकच रविवार माग आणि बदल्यात सोमवार देऊ कर. नागपूरच्या अजब बंगल्यासारखं तुमचंही सोमवारी बंद असेल तर उत्तमच. दालनात माणूस नसतो तेव्हा भांडारातलं काम सर्वात चांगलं होतं. कारण आहे तसं लिही: आजीसोबत मार्कंड्याला जायचं आहे. इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं १८७३ ते १८७५च्या दौऱ्यांच्या अहवालात त्या मंदिरांवर लिहिलं आहे. मूर्तींचं काम करणाऱ्या मॅडमना मार्कंडा काय आहे हे समजावून सांगावं लागणार नाही. मात्र त्याला ‘अभ्यासदौरा’ म्हणू नकोस. घरची जत्रा ती घरची जत्रा.

शनिवारच्या फेरीसाठी एक सुचवतो. लोक चेहऱ्यांकडे बघतात, तू त्यांना आसनाखाली बघायला लाव. बहुतेक उमा-महेश्वरांच्या पायाशी नंदी असतो, कधी हाडांचा सापळा झालेला शिवाचा गण भृंगी नाचत असतो, बाजूला गणपती आणि कार्तिकेय. पार्वतीच्या हातात बऱ्याचदा आरसा असतो. तुझ्या मूर्तीत यातलं काय आहे आणि काय झिजून गेलंय, हे लोकांनाच शोधू दे.

आरमोरीची काकू | ४ फेब्रुवारी

मुली, तुझ्या पोस्टमध्ये आजीचं वाचून राहवलं नाही. एक विचारते. तुझ्या आजीला शिवरात्रीचा दिवस हवा आहे की तू हवी आहेस? मार्कंड्याची जत्रा एका दिवसात उठत नाही, पुढेही दुकानं असतात आणि रांग कमी होते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला शिवरात्रीच्या दुपारी त्या उन्हात, त्या गर्दीत उभं करणं सोपं नाही. सोमवारी तुझी सुट्टीच असेल तर मग कोणाकडे काही मागायचीही गरज नाही. आधी आजीला फोन कर.

शिवरात्रीलाच जायचं ठरलं तर अगदी पहाटे पोचा. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना तिकीट नाही, आजीचं आधार कार्ड सोबत ठेव. बायकांना अर्धं तिकीट आहेच. उपवासाचं घरूनच न्या, शिंगाडे उकडून नेले तर पोटाला आधार राहतो.

पुलगाववाला | ४ फेब्रुवारी

ताई, मी दोन वर्षं पुण्यात कंपनीत होतो अन बायको गावाले. म्हणून सांगतो. तुम्ही सगळा हिशोब एकटीनंच मांडून रायल्या. रविवार मी मागीन, बस मी धरीन, आजीले मी नेईन. त्यांना विचारलं का? नाटक रात्री आहे न? मग सकाळी अकरा वाजता माणूस नागपुरात येऊ शकते. तुम्ही पहिल्यांदा लोकांसमोर बोलणार, ते त्यांनी पाह्यलं पायजे. माझ्या बायकोनं बचत गटात पहिलं भाषण केलं तेव्हा मी पुण्यात होतो. तिनं फोनवर सांगितलं सगळं, पण मी तिथं नव्हतो. ते अजून मनात आहे. भेट म्हणजे हॉटेलात बसनंच नाही. एकमेकांचं काम डोळ्यानं पाहनं हे लग्नाआधी झालं तर फार चांगलं.

वैनगंगेची लेक | ५ फेब्रुवारी

सगळ्यांचे मनापासून आभार.

काकू, आजीला विचारलं. ती म्हणाली, “देव सोमवारी बी तोच असते. पन तुह्या आजोबासोबत मी शिवरातीलेच जात होती.” त्यानंतर मी सोमवारचा विषय काढला नाही.

काका, अर्ज तुमच्या सांगण्याप्रमाणे लिहिला. पाच ओळींचा. मॅडमनी वाचला, वर बघितलं आणि विचारलं, “शनिवारच्या दोन्ही फेऱ्या करणार?” हो म्हटलं. “मग सोमवारी अकरापर्यंत भांडारात ये, लहान मूर्तींचे फोटो राहिलेत.” आणि सही केली. मी चार दिवस नीट झोपले नव्हते.

पुलगावचे दादा, यांना अजून विचारलेलं नाही. आज विचारते. आमच्याकडे मुलीनं असं बोलावणं जरा वेगळं दिसतं, पण विचारते.

पुलगाववाला | ५ फेब्रुवारी

विचारा विचारा. अन मग इथं येऊन सांगा.

वैनगंगेची लेक | १७ फेब्रुवारी

सांगायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिते आहे. थोडं लांबेल.

ते आले. वडशाहून पहाटेची गाडी धरून आले आणि अकराच्या फेरीत सगळ्यात मागे उभे राहिले. मला वाटलं होतं की त्यांना बघून माझं बोलणं अडेल. अडलं नाही. काकांनी सांगितल्यासारखं मी लोकांना आधी आसनाखाली बघायला सांगितलं. एका लहान मुलानं नंदी शोधला. कार्तिकेय आमच्या मूर्तीत पार झिजून गेलाय, मोराची मान तेवढी राहिली आहे. ती एका आजोबांना दिसली आणि त्यांनी बायकोला हात धरून जवळ नेऊन दाखवली. फेरी संपल्यावर हे म्हणाले, “तू बोलताना मध्ये थांबतेस ते चांगलं वाटते. आमच्या नाटकात लोकं थांबत नाहीत.” मग आम्ही बाहेर टपरीवर चहा-आलुपोंगा खाल्ला. पाऊण तास मिळाला, आणि कोणी मधोमध बसलेलं नव्हतं. एवढंच इथे लिहिते.

तीनची फेरी झाल्यावर आम्ही उमरेड-भिवापूरच्या रस्त्यानं ब्रह्मपुरीला निघालो. भिवापूरच्या पुढे पळसाला फुलं आलेली दिसली, मग अंधार पडला. ब्रह्मपुरीला मामा-मामी स्टँडवर आले होते. माझं त्यांच्यासोबत नाटकाला जायचं आधीच ठरलं होतं, घरीही सांगितलं होतं. पडदा वर जायला दहा वाजून गेले. मी मंचाच्या डाव्या बाजूला बायकांमध्ये बसले, तिथून ऑर्गनवरचे त्यांचे हात दिसत होते. इतक्या वर्षांत मी किती नाटकं पाहिली, पण वाजवणाऱ्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. गाणं म्हणणारी बाई एका ठिकाणी सूर सोडून गेली, तर त्यांनी मान वर न करता तिला उचलून घेतलं. पुढे पहाटेपर्यंत चालतं ते नाटक, मी तिसऱ्या अंकात मामीच्या खांद्यावर झोपले. ते मामीनं त्यांना सांगितलं, मी नाही.

सकाळी मी एकटीच पुढे निघाले, त्यांना मंडळीच्या गाडीनं परत जायचं होतं. चामोर्शीला बाबा आजीला घेऊन उभे होते. काकू, पहाटे पोचायचं जमलं नाही, आम्ही साडेनऊला पोचलो. रांग नदीकडे वळली होती. आजीसाठी बाबांनी प्लास्टिकचं स्टूल आणलं होतं, रांग सरकली की स्टूल सरकायचं.

एक गोष्ट मला तिथे जड गेली. दोन महिने मी ‘हात लावू नये’ ऐकते आणि लोकांना सांगते. घामानं दगडावर काय होतं, तेलाची पुटं कशी बसतात, हे अहवालात लिहिते. आणि तिथे आजीनं वाटेतल्या एका भंगलेल्या दगडाला, ज्यावर आता फक्त कोणाचा तरी गुडघा आणि वस्त्राची कड उरली आहे, दोन्ही हात लावले, कुंकू लावलं आणि तेच हात माझ्या तोंडावरून फिरवले. माझा हात तिला अडवायला पुढे झाला होता. मी तो मागे घेतला. बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता येत नाही. त्या दगडाचं मोजमाप मात्र डोळ्यानं घेतलं, आता ती सवयच लागली आहे.

दर्शन झाल्यावर नदीच्या वाळूत बसून आम्ही शिंगाडे खाल्ले. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, आजी दरवर्षी ते बोटानं दाखवते, यंदाही दाखवलं. मग तिनं विचारलं, “तुह्या तिथं महादेवाले नंबर देता म्हने. नाव नाही लिहत?” मी मोबाइलमध्ये माझ्या पाटीचा फोटो दाखवला. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवली. पाटीत होतं: ‘पार्वती शिवाच्या डाव्या मांडीवर बसली आहे.’

आजीनं मूर्तीचा फोटो मागितला. डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला. म्हणाली, “बसली नाही. त्यानं बसवून घेतलं हाय. त्याचा हात कुठी हाय ते पाह्य तं.”

मी नऊ वेळा पाटी लिहिली. शिवाचा डावा हात तिच्या पाठीमागून येऊन खांद्याखाली टेकलाय, हे माझ्याच स्थिती-अहवालात लिहिलेलं आहे, बोटांचे टवके मोजून. पण पाटीत ते आलं नव्हतं.

काल पहाटेच्या गाडीनं निघून अकराला भांडारात हजर झाले. दुपारी फोटोंचं काम संपल्यावर मॅडमना आजीचं वाक्य सांगितलं. त्या उठल्या, दालनाचे दिवे लावले, आम्ही दोघी मूर्तीसमोर उभ्या राहिलो. मॅडमनी पेन्सिलनं पाटीच्या कच्च्या प्रतीवर ‘बसली आहे’ खोडलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. नवी पाटी येत्या शुक्रवारी लागेल: ‘शिवाने पार्वतीला पाठीमागून हात घालून डाव्या मांडीवर बसवून घेतले आहे.’