दहावीचा इतिहास घरी शिकवताना पाठ्यपुस्तक कपाटात ठेवलं तर?

सईची आई
मुलगी चौदाची. सातवीनंतर शाळा सोडवली, कारणं इथे उगाळत नाही. दहावीला सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांचा, फॉर्म भरून बसवणार आहे. गणित-विज्ञानाचं बरं चाललंय. इतिहासाचं मी मनाशी पक्कं केलंय: बालभारतीचं पुस्तक कपाटात, टेबलावर गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'.

रोज सात-आठ पानं मोठ्याने वाचतो. वरसईचा कर्जात बुडालेला भिक्षुक. बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून काकांबरोबर निघतो आणि सापडतो १८५७ च्या बंडात. झाशीला वेढा पडला तेव्हा स्वारी गावात! परवा सई मधेच म्हणाली, "आई, याला राणीपेक्षा स्वतःच्या गाठोड्याची काळजी जास्त आहे." मला तर वाटलं, झाला इतिहास शिकवून. पुस्तकात काय, बंडाची कारणं राजकीय, आर्थिक, सामाजिक, लष्करी अशी खणाखणांत भरलेली. पाठ करा, ओका, विसरा.

माझं म्हणणं असं की एक अस्सल पुस्तक सावकाश वाचलं तर दहा गाईडांची गरज नाही. पटतंय का?

निवृत्त मास्तर
ताई, तिखट बोलतो, राग नसावा. दहावीचं पुस्तक कपाटात ठेवण्याआधी उघडलं होतं का? बंडाची कारणं आठवीत आहेत. दहावीच्या इतिहासाचा पहिला धडा इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा, दुसरा भारतीय परंपरा. पुढे उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, ठेव्यांचं जतन. तुम्ही ज्या पुस्तकावर चिडलाय ते दहावीचं नाहीच.

शिवाय इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा. त्यात भटजींचं गाठोडं येणार नाही. सतरा नंबरवाल्यांचा पेपर वेगळा नसतो.

खवचट कोकणी
मास्तर, पुस्तक २०१८ चं, कल्पना झकास, मान्य. पण रांके, मार्क्स, फुको हे पाश्चात्त्य विचारवंत पंधराव्या वर्षी एकेका परिच्छेदात? माझ्या पुतण्याने फुकोसमोर त्याच्या पुस्तकाचं नाव जोडून एक गुण खिशात घातला. फुको काय म्हणतो विचारलं तर म्हणे, "ते परीक्षेला नाही." इतिहास कसा लिहितात हे शिकवणारा धडा जोड्या लावून संपत असेल तर ताईंचे भटजी काय वाईट?

निवृत्त मास्तर
तो दोष शिकवण्याचा, पुस्तकाचा नव्हे. घरी शिकवणाऱ्याला तर घाई नाही. रांकेचा परिच्छेद वाचा, मूळ कागदपत्रं तपासा असं तो का म्हणतो ते बोला, मग काढा ना तुमचे भटजी बाहेर. पण सांगाडा आधी हवा.

दिल्लीकर मराठी
दोन्ही बाजू राज्य मंडळातच अडकल्यात. जग कुठे आहे? केंद्राच्या एनसीईआरटीचं २००६ चं नववीचं पुस्तक घ्या: फ्रेंच राज्यक्रांती, रशियन राज्यक्रांती, हिटलरचा उदय. चित्रं, व्यंगचित्रं, पत्रांचे उतारे, आणि प्रश्न असे की उत्तर पानावर सापडत नाही. माझी मुलगी त्यावरच वाढली.

खवचट कोकणी
त्याच पुस्तकात क्रिकेटवरचं प्रकरण होतं, ते गळलं. २०२३ मध्ये बारावीतून मुघल दरबारही गेले. कुठली आवृत्ती घ्यायची तेही लिहा बुवा.

दिल्लीकर मराठी
दोन्ही घ्या, शेजारी ठेवा. काय गेलं आणि का गेलं असेल, यावर एक अख्खी दुपार जाते. आमची गेली.

दोन पोरांची माय
आणि भाषा? ती पुस्तकं हिंदी, इंग्रजी, उर्दूत. माझा मुलगा मराठी माध्यमाचा, 'औद्योगिकीकरण' मराठीत कळायलाच महिना गेला. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, मराठीत. आमच्यासारख्यांचं तिथेच ठरतं.

बाकी मी म्हणते, कादंबऱ्या का नकोत? आमच्या पिढीला इतिहासाची गोडी लागली ती कादंबऱ्यांनीच. पाठ्यपुस्तक वाचून कोण गडावर गेलं सांगा!

उत्तरपत्रिका तपासनीस
गोडी लागते हो, पण मग उतरत नाही. पावनखिंडीवर लिहायला सांगितलं तर एकाने बाजीप्रभूंच्या तोंडी अर्ध पान संवाद घातला. अवतरणचिन्हांसकट! विचारलं, कुठून आणलंस? "असंच बोलले होते सर, मालिकेत आहे." कादंबरीकाराने आपल्या मनाने लिहिलेलं वाक्य आणि बखरीतलं वाक्य यात फरक असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि बखरसुद्धा जपूनच वाचायची. शिवरायांची बखर सभासदाने जिंजीत राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली, शिवराय गेल्यावर काही वर्षांनी. जवळचा माणूस, तरी आठवणीतून लिहिलेलं.

कादंबरी वाचू द्या. फक्त इतिहासाच्या तासाला नको.

शनिवारवाड्यापलीकडे
इतका वेळ गप्प बसून वाचत होतो. सईच्या आई, तुमचं अस्सल साधन वगैरे ठीक आहे, पण १८५७ एका भटजींच्याच डोळ्यांनी? त्याला दक्षिणा दिसते, सोवळं दिसतं, मुक्काम दिसतो. त्याच वाटेवर त्याला पाणीही ज्यांच्याकडून चाललं नसतं, ती माणसं काय म्हणत होती?

बंडाच्या दोन वर्षं आधी, १८५५ मध्ये, 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुलगी, वय चौदाच्या आसपास. म्हणजे तुमच्या सईएवढी! पेशवाईत आपल्या माणसांवर काय गुदरलं ते तिने लिहिलंय. काही पानांचाच मजकूर, एका बैठकीत संपतो. कुठल्याच गाईडात मिळणार नाही अशी झोप उडते.

निवृत्त मास्तर
हे पटलं. सांगाड्याचा माझा हट्ट कायम ठेवून पटलं.

सईची आई
मास्तर, आधी कबूल करते: दहावीचं पुस्तक उघडलं नव्हतं. काल रात्री कपाटातून काढलं. मला वाटलं त्यापेक्षा बरंच बरं आहे, पण एका परिच्छेदात एक विचारवंत हे मलाही झेपत नाही. भटजी काढणार नाही. सकाळी भटजी, दुपारी पुस्तक, असं करते आता.

मुक्ताचा निबंध काल रात्रीच दोघींनी वाचला. सई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भटजींनी हे लिहिलं कधी?" मी प्रस्तावना उघडली, तर बंडानंतर पंचवीसेक वर्षांनी! त्यावर तिचा सवाल: एवढ्या वर्षांनी कुठल्या गावी किती दक्षिणा मिळाली हे आठवतं, मग स्वयंपाकाला लाकडं कुणी आणून दिली ते कसं नाही आठवत? माझ्याकडे उत्तर नाही.

शनिवारवाड्यापलीकडे
उत्तर देऊ नका. तिला वहीत लिहू दे.

खवचट कोकणी
आणि ती वही तपासनिसांकडे पाठवू नका, अर्धा गुण कापतील.

निवृत्त मास्तर
ताई, एक राहिलंच. तुमची प्रत कुणाच्या संपादनाची? चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापली ती की दत्तो वामन पोतदारांची? वैद्यांनी मूळ मजकुरात बरेच फेरफार केले. काळ इंग्रजांचा, बंडाची हकीकत जशीच्या तशी छापणं सोपं नव्हतं. मूळ हस्तलिखितावरून पोतदारांनी काढलेली प्रत १९६६ ची. पहिलं पान बघा.

सईची आई
बघितलं. वैद्यांचीच निघाली!

निवृत्त मास्तर
मग ती राहू द्या आणि जिल्हा ग्रंथालयात दुसरी मिळते का बघा. झाशीचं प्रकरण दोन्हींत उघडून सईसमोर ठेवा. रांकेचा धडा त्यानंतर घ्या.